निंबोळीचे नवे औषध

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर. भगिनींच्या आग्रहावरून स्मरणिकेत दिला आहे.)



हळदीकुंकू, गाणी आणि बक्षीससमारंभ यांच्या जोडीला एखादे उपयोगी व्याख्यान ठेवावे, ही आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा ते काम माझ्याकडे सोपविले गेले. मी शाळेत पुष्कळ वर्षे विज्ञान शिकविले, आणि घरी सोयाबीन, तूर, हरभऱ्याची शेती आहे. तेव्हा शाळा व शेत या दोहोंना जोडणारा विषय घ्यावा असे ठरविले. वनस्पतींपासून मिळणारी द्रव्ये वापरून अतिसूक्ष्म कणांची, म्हणजे ज्यांना आज 'नॅनो' म्हणतात तशी, कीटकनाशके तयार करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. त्या प्रयत्नांत आपल्या दारच्या कडुनिंबाला मोठा मान आहे. त्याविषयी आज थोडे सांगणार आहे.

विषय कळल्यावर एक भगिनी मला म्हणाल्या, "बाई, फवारणी हे तर पुरुषांचे काम. आपल्याला त्याच्याशी काय करायचे?" या प्रश्नापासूनच आरंभ करू.

फवारणीचा पंप पुरुषाच्या पाठीवर असतो हे खरे. पण पंपात ओतायचे पाणी विहिरीवरून कोण आणते? औषधाचे भिजलेले कपडे कोण धुते? फवारणीनंतर दोन दिवसांनी त्याच रानात खुरपायला कोण जाते? रिकामा झालेला डबा 'चांगला आहे, कामाला येईल' म्हणून घरात कोण ठेवते? या चारही प्रश्नांचे उत्तर आपणच आहोत. काही वर्षांपूर्वी तुरीच्या फवारणीच्या दिवसांत माझे धाकटे दीर उलट्या वाऱ्यात फवारीत राहिले. संध्याकाळी घरी आले ते घामाने भिजलेले, तोंडाला पाणी सुटलेले आणि डोळ्यांपुढे अंधारी. त्यांना तीन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. त्यांचे ते कपडे माझ्या जाऊबाईंनी उघड्या हातांनी धुतले, आणि त्या रात्री त्यांनाही डोकेदुखी व मळमळ झाली. दिरांची चौकशी साऱ्या गावाने केली. जाऊबाईंना काय झाले ते कोणी विचारले नाही. दोघेही आज सुखरूप आहेत, ही देवाची कृपा.

सगळीच घरे इतकी भाग्यवान नसतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्याहीपूर्वी, १९५८ साली, केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक धान्य व पिठात मिसळले जाऊन शंभरावर माणसे मेली. त्या दुर्घटनेनंतर देशाला कीटकनाशकांचा कायदा हवा हे पटले आणि १९६८ साली तो झाला. आपण बोलताना त्याला 'औषध' म्हणतो. पण बाटलीत असते ते विष. हे आपल्या लेकरांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

आता कोणी म्हणेल, विष आहे तर वापरूच नये. परंतु सोयाबीनवर चक्री भुंगा आणि उंटअळी, हरभऱ्यावर घाटेअळी, कापसावर बोंडअळी आली की हातातोंडाशी आलेला घास जातो, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना असा उपदेश करण्यात अर्थ नाही. पिकाचे रक्षण तर झाले पाहिजे, पण माणूस, गुरे, मधमाशी आणि विहिरीचे पाणी हीही वाचली पाहिजेत. हे कसे साधेल, हाच विज्ञानापुढचा प्रश्न आहे.

त्यात एक गोष्ट फार विचार करण्याजोगी आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे डेव्हिड पिमेंटेल यांनी १९९५ साली हिशेब मांडला, की शेतावर मारलेल्या कीटकनाशकापैकी प्रत्यक्ष किडीपर्यंत पोचते ते हजारातला एक भागही नसते. बाकीचे वाऱ्याने उडते, पानावरून ओघळते, मातीत मुरते, ओढ्याला जाते. म्हणजे एका अळीसाठी आपण केवढे तरी विष रानात ओतीत असतो. किडीला लागते तेवढेच आणि लागते तेथेच औषध पोचविता आले, तर निम्मा प्रश्न सुटेल.

येथे कडुनिंबाची आठवण होते. गुढीपाडव्याला आपण त्याचा पाला खातो, धान्याच्या कणगीत तो घालतो, कपड्यांच्या पेटीत ठेवतो. ही आजीबाईंची शहाणपणाची रीत प्रयोगशाळेनेही पारखून पाहिली आहे. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा हाइनरिख श्मुटरर या जर्मन शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले, की सारी हिरवळ फस्त झाली तरी कडुनिंबाची झाडे टोळांनी तशीच सोडली. आपल्याकडे नवी दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये निंबोळीचा गर पाण्यात कालवून पिकांवर फवारला. टोळ आले, बसले, परंतु त्यांनी ती पिके खाल्ली नाहीत. पुढे १९६८ मध्ये इंग्लंडात निंबोळीतून ॲझाडिरॅक्टिन नावाचे द्रव्य वेगळे काढण्यात आले. निंबोळीची कीडविरोधी शक्ती मुख्यतः या द्रव्यात आहे, आणि ते पानांपेक्षा बियांच्या गरात पुष्कळ अधिक असते.

हे द्रव्य किडीला चटकन मारीत नाही. त्याच्या चवीने अळीची खाण्याची इच्छा जाते, आणि जी खाते तिला नीट कात टाकता येत नाही. अळी मोठी व्हायची तर तिला पुनःपुन्हा कात टाकावी लागते. ते अडले की तिची वाढ खुंटते. ज्याने पान खाल्ले त्याच्यावर परिणाम होतो, म्हणून फुलावर बसणाऱ्या मधमाशीला त्याचा त्रास तुलनेने कमी. ॲझाडिरॅक्टिनची रचना इतकी गुंतागुंतीची आहे, की केंब्रिज विद्यापीठातील स्टीव्हन ले यांच्या गटाला ते प्रयोगशाळेत घडवायला २२ वर्षे लागली. २००७ साली ते साधले. एवढा खटाटोप करून कारखान्यात ते बनविणे कोणाला परवडणार? म्हणून आजही जगाला ते झाडाकडूनच घ्यावे लागते. भगिनींनो, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

मग इतके चांगले औषध दारात असताना लोक दुकानाकडे का धावतात? कारण निंबोळीत तीन उणिवा आहेत. पहिली, उन्हाने ॲझाडिरॅक्टिन थोड्या दिवसांतच नासते. आपल्याकडच्या उन्हात तर लवकरच. दुसरी, निंबोळीचे तेल पाण्यात मिसळत नाही. पंपात वर तरंगते, आणि पहिल्या ओळीला एक तर शेवटच्या ओळीला दुसरेच औषध मिळते. तिसरी, पाऊस आला की पानावरून धुऊन जाते. थोडक्यात, गुण उत्तम, पण टिकाऊपणा नाही. नॅनो तंत्राचे काम नेमके येथे सुरू होते.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या डोक्याच्या एका केसाची जाडी सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरते. सामान्यतः १०० नॅनोमीटरपर्यंतच्या कणाला नॅनोकण म्हणतात. कीटकनाशकांच्या बाबतीत त्याहून थोडे मोठे कणही त्यात धरले जातात. एवढे बारीक केल्याने काय साधते? एक सेंटिमीटर लांब, रुंद व उंच असा गुळाचा खडा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग होतो. तोच खडा एक-एक मिलिमीटरच्या हजार तुकड्यांत कापला, तर गूळ तेवढाच, पण पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर. आणि १०० नॅनोमीटरच्या तुकड्यांपर्यंत कापीत गेलो, तर तो ६० चौरस मीटर होईल. ते सुमारे साडेसहाशे चौरस फूट झाले, म्हणजे एका बऱ्यापैकी घराच्या जमिनीएवढे! तेवढ्याच औषधाचा स्पर्श पानाला आणि किडीला कितीतरी अधिक होतो, हे यावरून कळेल.

हे काही अगदी परके नाही. ज्या गाईने आपल्या देवणीचे नाव देशभर नेले, तिचे दूध पाहा. दूध म्हणजे पाण्यात विखुरलेली चरबी. परंतु त्या चरबीच्या प्रत्येक थेंबाला एक पातळ आवरण असते, म्हणून ती पाण्यापासून लगेच फुटून वेगळी होत नाही. दुधातील केसिन या प्रथिनाचे कण तर साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचे असतात. म्हणजे अतिसूक्ष्म कण आणि त्यावर आवरण ही युक्ती निसर्गाने आपल्या गोठ्यातच करून ठेविली आहे. निंबोळीच्या तेलाचे असे दूध करावयाचे, एवढाच या नव्या विद्येचा सोपा अर्थ.

वेल्लोरच्या व्हीआयटी विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली असा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी निंबोळीच्या तेलाचे पाण्यात इतके बारीक थेंब केले, की सर्वांत लहान थेंब सुमारे ३१ नॅनोमीटरचा आणि मोठा सुमारे २५१ नॅनोमीटरचा होता. क्युलेक्स डासाच्या अळ्यांवर ते वापरून पाहता थेंब जितका लहान, तितक्या थोड्या तेलात अळ्या मेल्या. डासाची अळी पाण्यात असते आणि घाटेअळी हरभऱ्याच्या घाट्यात तोंड घालून बसलेली असते, तेव्हा एकीचा अनुभव दुसरीला जसाच्या तसा लागू होत नाही. तरी दिशा कोणती, ते यावरून दिसते.

आता आवरणाविषयी. कण लहान केला की त्याला उन्हापासून जपणारे वेष्टण हवे. ते प्लॅस्टिकसारख्या न कुजणाऱ्या पदार्थाचे केले, तर एक पीडा घालवून दुसरी आणल्यासारखे होईल. म्हणून शास्त्रज्ञ वनस्पतींकडे वळले आहेत. ब्राझीलमध्ये सोरोकाबा येथील संशोधकांनी मक्यातील झाईन या प्रथिनाच्या सूक्ष्म कणांत निंबोळीचे तेल भरले. झाडांच्या खोडांत सेल्युलोजच्या जोडीला लिग्निन असते; खोडाला ताठपणा त्यामुळेच येतो. हे लिग्निन सूर्याचे अतिनील किरण शोषून घेते, म्हणून ते औषधाची छत्री होऊ शकते. ते मिळते कशांत? लाकडात, उसाच्या चिपाडात, आपण चुलीत घालतो त्या पऱ्हाटीत आणि तुराटीत. तेल व पाणी एकजीव करणारे लेसिथिन नावाचे द्रव्य सोयाबीनचे तेल शुद्ध करताना निघते. ज्या लातूर जिल्ह्यात सोयाबीनच्या राशी लागतात, तेथे लेसिथिन दुर्मिळ म्हणता येणार नाही. मुंबईस माटुंगा येथे १९२४ साली स्थापन झालेली कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तेथे कापसाच्या तंतूंपासून नॅनोसेल्युलोज बनविण्याचा प्रायोगिक कारखाना उभारलेला आहे. तो काही कीटकनाशकांसाठी म्हणून उभारलेला नाही. पण शेतातील सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण महाराष्ट्रात करता येतात, हे त्यावरून सिद्ध होते.

येथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढे दुकानात तोच आपल्या उपयोगी पडेल. बाटलीवर 'वनस्पतिजन्य नॅनो' असे लिहिले असले, तर त्याचे तीन निरनिराळे अर्थ होऊ शकतात. एक, आतले औषध वनस्पतीचे, जसे निंबोळीचे. दुसरा, औषध रासायनिकच, पण आवरण वनस्पतीचे. तिसरा, औषध धातूचे, आणि ते तयार करताना मात्र पाल्याचा काढा वापरलेला. या तिसऱ्या प्रकाराचे प्रसिद्ध काम आपल्या पुण्यातले आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शिव शंकर, अखिलेश राय, अबसार अहमद आणि मुरली शास्त्री यांनी २००४ साली दाखवून दिले, की कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्याने चांदीचे व सोन्याचे नॅनोकण तयार होतात. त्यासाठी तीव्र रसायने लागत नाहीत. काम मोलाचे आहे आणि जगभर त्याचे अनुकरण झाले. परंतु काढा कडुनिंबाचा असला तरी कण चांदीचाच राहतो. तो कुजत नाही. शेतात पुनःपुन्हा टाकला तर मातीतच साठेल. म्हणून 'पाल्यापासून केले' एवढ्या शब्दांवर भुलू नये. पाला आत आहे की नुसता भट्टीपाशी होता, ते विचारावे.

तसेच, वनस्पतीचे म्हणजे निर्धोक, हीही समजूत सोडून द्यावी. तंबाखूतील निकोटिन वनस्पतीचेच आहे, आणि ते जहाल विष आहे. कडुनिंबाचे तेलसुद्धा लहान बाळांना पाजल्याने झटके येऊन जीव धोक्यात आल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. घरातील वडीलधाऱ्या बायांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. आणि लहान म्हणजे सौम्य, असेही नाही. ज्या बारीकपणामुळे कण पानाला चिकटतो आणि अळीच्या अंगात शिरतो, त्याच बारीकपणामुळे तो श्वासाबरोबर आपल्या फुप्फुसात खोलवर जाऊ शकतो. तोंडाला बांधलेला पदर किंवा उपरणे त्याला अडवीत नाही. ब्राझीलच्या त्या संशोधकांनी २०१९ मध्ये आपल्या औषधाची मातीतील सूक्ष्म जीवांवर व इतर सजीवांवरही तपासणी केली, ती याच विचाराने. प्रत्येक नव्या औषधाची अशी परीक्षा झाली पाहिजे, आणि ती करताना त्या औषधाने भिजलेले कपडे धुणाऱ्या बाईचाही विचार झाला पाहिजे.

शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने २०१९ साली रसायनशास्त्रातील दहा उदयोन्मुख तंत्रांची यादी काढली, तीत नॅनो कीटकनाशकांचा समावेश होता. आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० साली शेतीतील नॅनो पदार्थांची पारख कशी करावी याच्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. २०२१ पासून नॅनो युरियाच्या बाटल्या आपण पाहातच आहोत. तो खत आहे, कीटकनाशक नव्हे; पण 'नॅनो' हा शब्द त्यानेच गावोगावी नेला. तेव्हा उद्या निंबोळीचे नॅनो औषध दुकानात मांडलेले दिसले, तर त्यात नवल नाही.

आता मी जी गोष्ट ध्यानात ठेवा म्हटले होते, तिच्याकडे वळते. निंबोळी झाडाखेरीज मिळत नाही, आणि ती झाडाखालून वेचतात बहुतेक बायकाच. उद्या तिला मोल आले तर ते कोणाच्या पदरात पडेल? या बाबतीत एक इतिहास प्रत्येक मंडळात सांगण्यासारखा आहे. १९९४ साली युरोपच्या पेटंट कचेरीने अमेरिकेचे कृषि खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना निंबोळीच्या तेलाने बुरशी आवरण्याच्या पद्धतीचे पेटंट दिले. जे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्यावर दुसऱ्याची मालकी! त्याविरुद्ध तीन स्त्रिया उभ्या राहिल्या: आपल्या डॉ. वंदना शिवा, बेल्जियमच्या मागदा आल्वूट आणि सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय महासंघातर्फे लिंडा बुलार्ड. पुण्याच्या एका कारखानदारांनी म्युनिकला जाऊन साक्ष दिली, की पेटंट मागण्यापूर्वीच आपण असे औषध करीत होतो. २००० साली ते पेटंट रद्द झाले. कंपनीने अपील केले, तेही ८ मार्च २००५ रोजी, म्हणजे जागतिक महिला दिनीच, फेटाळले गेले. कडुनिंब राखण्यासाठी दहा वर्षे लढणाऱ्या त्या तिघींचे ऋण आपण मानले पाहिजे.

पेटंट गेले, पण व्यवहार उरतोच. २०१५ साली केंद्र सरकारने देशात तयार होणारा सारा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असावा असा नियम केला, आणि निंबोळीला एकदम मागणी आली. गुजरातेत तेव्हापासून गावोगावच्या स्त्रियांकडून निंबोळी विकत घेण्याची मोठी योजना चालली आणि हजारो घरांत चार पैसे आले. आपल्याकडे मात्र ज्येष्ठ-आषाढात निंबोळ्यांचा सडा पडतो, आणि आपण तो झाडून उकिरड्यावर टाकतो. मग बाजारातून तिचीच बाटली विकत आणतो. यात शहाणपण कोठे आहे?

म्हणून, नवे औषध येईल तेव्हा येवो, आज आपल्या हातात काय आहे ते सांगून मी संपविते.

पहिली गोष्ट निंबोळीची. पिवळ्या पिकलेल्या निंबोळ्या वेचाव्या, गर धुऊन काढावा, बिया हवेशीर सावलीत वाळवाव्या आणि ज्यूटच्या पोत्यात ठेवाव्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा धरून बुरशी येते, आणि बुरशी आलेले बी निरुपयोगी. शंभर लिटर फवाऱ्यासाठी पाच किलो बिया भरडून सुमारे नऊ-दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्या. सकाळी फडक्यातून गाळून त्यात लिटरभर पाण्यात विरघळविलेला दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा घालावा आणि एकंदर शंभर लिटर पाणी करावे. हाच पाच टक्के निंबोळी अर्क. तो साठवू नये; त्याच दिवशी, उन्हे कलल्यावर फवारावा. यातला साबण काय करतो ते आता तुम्हांस कळलेच असेल: तेल आणि पाणी एकत्र धरतो. त्या नव्या नॅनो औषधाची ही साधी थोरली बहीण आहे. कीड अगदी थोडी असतानाच तिचा गुण येतो. रान पोखरल्यावर तिच्याकडून चमत्कार मागू नये.

दुसरी गोष्ट दुकानाची. कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर रंगीत चौकोनी खूण असते: लाल म्हणजे अत्यंत विषारी, नंतर पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. ज्या बहिणींना वाचता येत नाही त्यांनाही रंग ओळखता येतो. नोंदणी क्रमांक नसलेली बाटली, तिच्यावर नॅनो लिहिलेले असो की नैसर्गिक, घरात येऊ देऊ नये. शंका आली तर लातूरच्या कृषि विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषि विद्यापीठात विचारावे. आपल्यासाठीच ती उभारलेली आहेत.

तिसरी गोष्ट घराची. फवारणीचे कपडे वेगळे ठेवावे, वेगळ्या बादलीत, हातमोजे घालून धुवावे. पाण्याचा हंडा आणि औषधाची बादली कधी एक करू नये. रिकामा डबा भोके पाडून निकामी करावा. त्यात तेल, मीठ वा रॉकेल भरू नये. फवारलेल्या रानात डब्यावर सांगितलेले दिवस जाईपर्यंत खुरपायला जाऊ नये, आणि मजुरीला आलेल्या बाईलाही पाठवू नये. तिचा जीव आपल्याइतकाच मोलाचा आहे.

चौथी गोष्ट मंडळाची. येत्या पावसाळ्याच्या तोंडी मंडळाने गावातील निंबोळ्या एकत्र वेचून, वाळवून ठेवाव्या, अशी माझी सूचना आहे. आपल्या रानाला लागेल तेवढ्या ठेवू. उरतील त्या विकून ते पैसे मंडळाच्या खात्यात जमा करू. बाजारात निंबोळीच्या नव्या औषधाला मागणी येईल त्या दिवशी आपण नुसते गिऱ्हाईक नसावे. कच्चा माल आपला आहे, त्याचा भाव विचारण्याचा हक्कही आपला आहे, आणि ते औषध आमच्या हातांना, लेकरांना, विहिरीला काय करील, हे विचारण्याचा तर त्याहून मोठा हक्क आहे.

 निंबोळ्या वेचण्यासाठी ज्यांना नावे द्यावयाची असतील, त्यांनी जाताना चिटणीसबाईंच्या वहीत लिहून जावे. पहिले नाव माझे आहे, आणि दुसरे माझ्या जाऊबाईंचे.